मे महिन्यापर्यंत पुरवायचं बाथरूम

आपलं बाथरूम फोडायचा ठराव आपल्याच हाताने सुवाच्य अक्षरात लिहून काढायची वेळ फार थोड्या माणसांवर येते. नॉर्मन क्रॅबट्रीसाहेबांवर ती आली, कारण ते हेप्शॉ आल्बियन फुटबॉल क्लबाचे मानद चिटणीस होते. मानद म्हणजे काम सगळं आपलं आणि चहाही पदरचाच. पालिकेच्या कर खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे पद स्वीकारलं, आणि तेव्हापासून मैदानात तळं साचून सामना रद्द झाला तरच मॉरीनबाईंना शनिवारी नवरा घरात दिसत असे.

आल्बियनची लीग वरून मोजत आलं तर आठवी. तिथून वर बघितलं की मान दुखते, म्हणून सहसा कुणी बघत नसे. गोलकीपर प्लंबर होता, दोन्ही बचावपटू एकाच गोदामात खोकी उचलत, आणि डावीकडून धावणारा भूगोलाचा मास्तर पालकसभा असली की अर्धा सामना टाकून शाळेत पळे. क्लब जे मानधन देई त्याला मानधन म्हणणं हा मान आणि धन या दोन्हींचा अपमान होता. म्हणून हेप्शॉत रीत पडली होती की चांगला खेळाडू टिकवायचा तर त्याला काम द्यायचं. कुणाचं वायरिंग, कुणाचं कुंपण, कुणाचं गळकं छप्पर. समितीतल्या मंडळींनी आळीपाळीने आपापली घरं पुढे करायची. भूगोलाच्या मास्तराकडून तर एकाने तीन वर्षं आपल्या नापास मुलाची शिकवणी करून घेतली होती.

रीस हर्स्ट हा सेंटर फॉरवर्ड सोमवार ते शुक्रवार टाइल्स बसवत असे. तेविशीचा, काटकुळा, कुणी काही विचारलं की कान लाल होणारा मुलगा. शनिवारी मात्र त्याच्या पायात चेंडू आला की समोरचे बचावपटू एकमेकांना विचारत, हा गेला कुठून? गेल्या हंगामात त्याने इतके गोल केले की गुणफलकवाल्या म्हाताऱ्याने तक्रार केली. आणि आता पलीकडच्या खोऱ्यातल्या थॉर्नली युनायटेडचा त्याच्यावर डोळा होता. थॉर्नलीचे अध्यक्ष हॉटेल बांधत होते. हॉटेल म्हणजे खोल्या, आणि खोलीगणिक एक बाथरूम. टाइल्सवाल्या पोराला याहून मोठं आमिष कोणतं दाखवणार?

"त्यांच्याकडे चाळीस बाथरूम आहेत," अध्यक्ष डेरेक मिडग्ली समितीच्या बैठकीत हळू आवाजात म्हणाले. गावातल्या अंत्यविधींची सारी व्यवस्था डेरेककडे होती. त्यामुळे ते नेहमीच हळू बोलत, आणि बोलता बोलता समोरच्याची उंची नजरेने मापत. "माझ्या ऑफिसची मागची खोली त्याने केली. ट्रेव्हरचं पोर्क-पायचं दुकान केलं. आता कोण राहिलं?"

सगळे क्रॅबट्रीसाहेबांकडे बघायला लागले.

"नॉर्मन, तुझं बाथरूम कधीचं रे?"

"लग्नानंतरचं."

"म्हणजे इतिहासजमाच की."

"ते ठीक आहे. मॉरीनही मागे लागलीच आहे. तिला टबमध्ये पाय टाकता येत नाही, डावा खुबा धरतो. टब काढून सपाट जमिनीवरचा शॉवर करायचा म्हणतेय."

"वा! वहिनींची सोय आणि क्लबाची सेवा. लिही ठराव," डेरेक म्हणाले, आणि मग आवाज आणखी खाली आणला. "फक्त एक. आता ऑगस्ट आहे. हंगाम संपतो मेमध्ये. बाथरूम मेपर्यंत पुरलं पाहिजे."

"डेरेक, दोन मीटर बाय दोन मीटरचं बाथरूम आहे ते!"

"मग सावकाश पुरव."

अशा रीतीने सप्टेंबरमध्ये टब निघाला, जुन्या टाइल्स निघाल्या, आणि क्रॅबट्रीसाहेब कामाला लागले. काम न होऊ देण्याच्या कामाला. कर खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. पांढऱ्या टाइल्स ठरल्या होत्या, पण पांढऱ्यात दुधी असतो, मोतिया असतो, हस्तिदंती असतो, आणि एक असा असतो की जो फक्त दुकानात पांढरा दिसतो. साहेबांनी एकेक रंग भिंतीवर लावून घेतला. मग तो जिन्यावरून बघितला, झोपायच्या खोलीतून बघितला, डोळे बारीक करून बघितला.

"उद्या संध्याकाळच्या उजेडात बघू या, रीस."

"बरोबर आहे, मिस्टर क्रॅबट्री. टाइल्स काय रोज लावतो का माणूस."

"आणि उद्याही नाही आवडला तर?"

"तर खरवडून काढू की. घाई कुठं आहे?"

इतका समजूतदार कारागीर साहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. पोरगं भिंतीकडे तोंड करून शीळ घालत एक ओळ लावी आणि दुसऱ्या दिवशी तीच शीळ घालत ती ओळ काढी. बिचाऱ्याला काही कळत नाही, या विचाराने साहेबांना कधी कधी वाईट वाटे. पण त्याहून जास्त वेळा आपल्या हुशारीचं कौतुकच वाटे.

आंघोळीची व्यवस्था मात्र बिकट होती. खाली जिन्याजवळ संडास होता, तेवढीच परमेश्वराची कृपा. शेजारच्या ब्रेन्डाबाईंनी मॉरीनबाईंना मंगळवार-शुक्रवार आपलं बाथरूम देऊ केलं; साहेबांना नाही. "परक्या पुरुषाने माझा साबण वापरलेला मला चालायचा नाही, नॉर्मन. वाईट वाटून घेऊ नकोस," त्या कुंपणावरून म्हणाल्या. वर सल्लाही दिला, की त्यांच्या भावाने एक अख्खा हिवाळा ओल्या टॉवेलवर काढला होता आणि तो शेवटपर्यंत ठणठणीत होता. शेवट त्याच हिवाळ्यात आला, हे त्यांनी पुढच्या आठवड्यात सांगितलं. 

राहता राहिला क्लबाचा शॉवर. शनिवारी सामना संपला की साहेब टॉवेल घेऊन पाहुण्या संघाच्या खोलीत जात, कारण यजमान खोलीतलं गरम पाणी पहिल्या चौघांतच संपे. एकदा वाफेतून एक दरवाज्याएवढा बचावपटू प्रकट झाला आणि साहेबांच्या बरगड्यांकडे बघून आपुलकीने म्हणाला, "काका, तुम्ही कुठल्या जागेवर खेळता?"

"चिटणीस," साहेब म्हणाले, आणि कमरेचा टॉवेल घट्ट केला.

इथवर सगळं आटोक्यात होतं. बिनसलं ते कपामुळे. कपाची गंमत अशी की त्यात चिठ्ठ्या टाकून सामने ठरतात आणि आठव्या लीगवाला दुसऱ्या लीगवाल्यापुढेही उभा राहू शकतो. सहसा तो फक्त उभाच राहतो. आल्बियन मात्र जिंकत गेली. ऑक्टोबरात एक फेरी, नोव्हेंबरात एक, डिसेंबरात तर अंगावर शहारे आणणारी एक, आणि प्रत्येक वेळी गोल रीस हर्स्टचा. वर्तमानपत्रात फोटो आला. मैदानाच्या कडेला उंची कोट घातलेली अनोळखी माणसं दिसायला लागली. हेप्शॉत हेर ओळखायला सोपा. तो ट्रेव्हरकडचा पोर्क-पाय विकत घेतो आणि खात नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला त्यांतला एक कोट थेट क्रॅबट्रींच्या घरी आला. पहिल्या लीगमधल्या एका बड्या क्लबाचा माणूस. नाव पिअर्स. ज्या क्लबाच्या नुसत्या पार्किंगमध्ये हेप्शॉ गाव मावेल, असा क्लब. तो न विचारता जिना चढला आणि बाथरूमच्या दारात उभा राहून रीसचं टाइल कापणं निरखत राहिला.

"निघायचं का?" त्याने विचारलं.

रीसचे कान टोमॅटोसारखे झाले. तो काही बोलायच्या आत साहेब जिन्यावरून गरजले, "हातातलं काम पुरं केल्याशिवाय आमचा रीस कुठेही जात नाही. शब्दाचा पक्का आहे तो."

"हो," रीस भिंतीला म्हणाला. "हे बाथरूम व्हायचंय अजून."

पिअर्सने बाथरूमकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि खिन्नपणे निघून गेला. साहेबांना वाटलं, आपण एकट्याने एक बडा क्लब परतवून लावला. ही गोष्ट त्यांनी त्याच संध्याकाळी क्लबाच्या बारमध्ये फक्त डेरेकला, अत्यंत गुप्तपणे, दोनदा सांगितली.

शनिवारपर्यंत ती गावभर झाली. क्रॅबट्रींचं बाथरूम आहे तोवर रीस आहे. ते संपलं की रीस गेला. एरवी पालिकेच्या निवडणुकीला न फिरकणारं गाव एका बाथरूमवर एकवटलं. लोक साहेबांना रस्त्यात थांबवून, "कसं काय, होत नाही ना?" असं काळजीने विचारू लागले. टाइल्सच्या दुकानदाराचं क्लबात कायमचं खुर्चीचं तिकीट होतं. त्याने पाठीमागे छतापर्यंत रचलेल्या टाइल्सपुढे उभं राहून माल संपल्याचं शपथेवर सांगितलं. साहेबांच्या अंगणातून सिमेंटच्या गोण्या नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी मॉरीनबाईंसाठी चॉकलेटचा डबा आला. आणि सामन्यात गोलामागच्या पायऱ्यांवरून चारशे घशांतून गाणं उठलं:

"टाइल नको, लादी नको,
क्रॅबट्रीला आंघोळ नको!"

ज्यांच्या सहीशिवाय एके काळी हेप्शॉत कुणाची कर आकारणी होत नसे, त्या माणसाने ताठ मानेने हे गाणं ऐकून घेतलं. दुसऱ्या कडव्यात त्यांच्या वासाचा उल्लेख होता. ते इथे देत नाही.

पुढच्या बुधवारी हॉस्पिटलातून मिस अडेबायो आल्या. मॉरीनबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला दीड वर्ष वाट बघून एकदाची तारीख मिळाली होती, फेब्रुवारीतली. ऑपरेशननंतर माणूस घरी सोडायचं तर घर त्याला झेपेल असं आहे का, हे आधी तपासतात. मिस अडेबायोंनी खुर्चीची उंची मोजली, पलंगाची मोजली, जिन्याचा कठडा हलवून बघितला, सगळीकडे बरोबरची खूण केली. मग बाथरूमचं दार उघडलं.

"हे काय आहे?"

"बाथरूम," साहेब म्हणाले.

"केव्हापासून?"

"सप्टेंबरपासून."

त्यांनी आत डोकावून बघितलं. तीन भिंती उघड्या, एकीवर चार प्रकारचे पांढरे, जमिनीवर नळीचं तोंड. "मिस्टर क्रॅबट्री, नवा खुबा बसवलेल्या बाईला मी इथे पाठवू शकत नाही. पुढच्या शुक्रवारी दुपारी परत येते. तोवर झालं तर ठीक. नाहीतर ही तारीख यादीतल्या पुढच्या बाईला जाईल, आणि मिसेस क्रॅबट्रींना पुन्हा शेवटी उभं राहावं लागेल."

मॉरीनबाई जिना उतरायला लागल्या, कठड्याला दोन्ही हात धरून, आडव्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तळाशी पोचल्यावर त्या थांबल्या आणि तोंडाने श्वास घेतला. हे सगळं साहेब रोज बघत होते. पण त्या दिवशी त्यांनी ते पाहिलं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की टोपी न घालताच ते क्लबात गेले.

समितीची तातडीची बैठक भरली. विषय एकच, चिटणिसांचं बाथरूम.

"पुढच्या शनिवारी कपाचा सामना आहे, नॉर्मन," डेरेक म्हणाले. "घरच्या मैदानावर, टीव्हीसमोर! हेप्शॉच्या इतिहासात नाही झालेलं असं. आणि बड्या क्लबांना खेळाडू घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपते. तेवढा शुक्रवार जाऊ दे. मग तुला सोन्याच्या टाइल्स लावून देतो."

"शुक्रवारीच त्या बाई येणार आहेत, डेरेक. मॉरीनची तारीख जाईल."

"दुसरी मिळेल. वहिनींनी इतकं सोसलं, आणखी थोडं."

"मताला टाका," पोर्क-पायवाले ट्रेव्हर म्हणाले. ते संघाचे प्रशिक्षकही होते.

बाथरूम लांबवावं या बाजूने हात वर गेले. साहेबांनी हात वर केला नाही. खाली ठेवला असंही म्हणता येणार नाही. त्यांनी कानामागे खाजवलं. तो हात मोजला गेला. ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद त्यांनी स्वतः केली, आणि ती करताना अक्षर पहिल्यांदाच बिघडलं.

घरी कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून ते कालव्याच्या काठाने लांबून गेले. दार उघडलं तर वरून बोलण्याचा आवाज येत होता. मॉरीनबाई जिना चढून गेल्या होत्या. साहेब तिसऱ्या पायरीवर थांबले. बाथरूममध्ये बाई उपड्या बादलीवर बसल्या होत्या, हातात चहा, आणि रीस भिंतीला टेकून जमिनीवर.

"खरं सांग रीस. डोळे मिटूनही टाइल्स लावशील तू. ही भिंत तू दोन दिवसांत केली असतीस."

"मिस्टर क्रॅबट्रींना रंग पसंत पडत नव्हता ना."

"नॉर्मनला रंग दिसत नाहीत. त्याला मोजे मी जोडी लावून देते. तू का थांबलास ते विचारतेय मी."

रीस नखातलं सिमेंट खरवडू लागला.

"त्या पिअर्सने ऑक्टोबरातच फोन केला होता," रीस म्हणाला. "मी म्हटलं, बाथरूम घेतलंय हातात. नोव्हेंबरात परत आला. मी म्हटलं, अजून चालू आहे. थॉर्नलीलाही तेच सांगितलं."

"घाबरलास?"

"मी नऊ वर्षांचा असल्यापासून एका मोठ्या क्लबाच्या शाळेत होतो, मिसेस क्रॅबट्री. आई रोज शिफ्ट संपवून मला तिकडे नेऊन सोडायची. सोळाव्या वर्षी एका खोलीत बसवलं आणि सांगितलं, तू पुरा पडणार नाहीस. पाच मिनिटंही नाही लागली. आई बाहेर गाडीत बसली होती, सँडविच घेऊन. तिने मला बघितलं आणि काही विचारलंच नाही. घरी येईपर्यंत ते सँडविच आम्ही दोघांनीही खाल्लं नाही." त्याने नाक पुसलं. "इथे बरं आहे. शनिवारी खेळायचं, सोमवारी टाइल लावायची. टाइल काही म्हणत नाही."

साहेब तिथेच पायरीवर बसले. सप्टेंबरपासून ज्याला आपण बांधून ठेवलं होतं, तो आपल्याच दाव्याला स्वतःहून धरून बसला होता!

"हे बघ," मॉरीनबाई म्हणाल्या. "ते तुला परत नाही म्हणतील का, ते मला माहीत नाही. म्हणतीलही. माझं ऑपरेशन तरी यशस्वी होईलच असं थोडंच आहे? मलाही भीती वाटते. पण मला या घरात, माझ्या दारामागे, कुणाचा हात न धरता आंघोळ करायची आहे. ब्रेन्डा मला टबातून बाहेर काढते आणि वर उपदेश करते. ते मला आता होत नाही. तू माझ्या आंघोळीच्या आड लपलायस, पोरा. उठ तिथून."

रीसने मान वर केली. "टाइल्स कुठून आणायच्या? गावात कुणी देत नाही."

"ते मी बघते. नॉर्मन! जिन्यावर बसून ऐकून झालं असेल तर फोन आणून दे."

साहेब फोन घेऊन वर गेले. त्यांनी सगळं कबूल करायला तोंड उघडलं: ठराव, मे महिना, कानामागचं खाजवणं.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "डेरेकची बायको आणि मी एकाच बाईकडे केस कापून घेतो. म्हटलं, याला एवढं एकच वेड आहे, हिवाळाभर चालू दे. पण आज मत कुणाला दिलंस ते मात्र तिने अजून सांगितलेलं नाही."

साहेबांचा हात पुन्हा कानामागे गेला. बाईंनी नंबर फिरवला.

"डेरेक? मॉरीन बोलतेय. तुझ्या मागच्या खोलीतल्या उरलेल्या टाइल्स मला आत्ता हव्या आहेत. ट्रेव्हरकडच्याही आण... नाही, ऐकून घे. आज ना उद्या मी तुझ्याकडेच येणार आहे, तू माझी उंची कधीच मापून ठेवलीयस. पण या टाइल्स आल्या नाहीत तर मी मृत्युपत्रात लिहून ठेवीन, की माझं सगळं थॉर्नलीच्या माणसाकडून करून घ्यावं. नॉर्मनचंही."

पाऊण तासात क्रॅबट्रींच्या दारात मिडग्लींची काळी शववाहिनी उभी राहिली. दुसरी गाडी रिकामी नव्हती. समोरच्या घरांचे पडदे, कुणी गेल्यावर मानाने पाडतात तसे, खाली आले. डेरेक सवयीने टोपी हातात घेऊन उतरले, आणि ते नि ट्रेव्हर मागून जड खोकी हळूहळू बाहेर काढत असतानाच ब्रेन्डाबाई डोळ्यांना रुमाल लावून, केक घेऊन हजर झाल्या. "मी त्याला म्हटलं होतं, ओल्या टॉवेलने छाती भरते!" त्या हुंदका देत म्हणाल्या, आणि दारात प्रत्यक्ष नॉर्मनच उभा दिसल्यावर त्यांना जे वाटलं त्याला नुसता आनंद म्हणता येणार नाही. केक मात्र त्या परत घेऊन गेल्या.

रीस हर्स्ट त्या रात्रीपासून लागला तो थांबलाच नाही. गोलकीपरने येऊन नळ जोडले, कारण प्रशिक्षकच सिमेंट कालवत होते म्हटल्यावर त्याला नाही कसं म्हणता येणार? साहेब टाइल्स पुसून हातात देत होते आणि रंगाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. गुरुवारी सांधे भरून झाले. खाली पांढरा; त्यावर डेरेकच्या मागच्या खोलीतला गंभीर करडा; आणि सर्वांत वर ट्रेव्हरच्या दुकानातली पट्टी, तिच्यावर हसरी डुकरं एकामागून एक चाललेली.

शुक्रवारी मिस अडेबायोंनी कठडा हलवला, पायाखालची लादी घासून बघितली, बसायची फळी दाबून बघितली. डुकरांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. पण त्यांच्या कागदावर डुकरांसाठी रकाना नव्हता. त्यांनी खूण केली.

रीसने फोन करून बोलावलेल्या पिअर्सची गाडी खाली उभी होती. रीसने हात धुतले, पण नखांत पांढरं राहिलंच. दारात तो अडखळला. "आणि परत नाही म्हणाले तर?"

"तर ये," मॉरीनबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरही जुनंच आहे. पण ते मी तुला मेपर्यंत पुरवू देणार नाही."

शनिवारी आल्बियन टीव्हीसमोर सहा गोलांनी हरली. त्यानंतरचे दिवस क्रॅबट्रीसाहेबांना कठीण गेले. ते बारमध्ये शिरले की संभाषण हवापाण्यावर येई. टाइल्सच्या दुकानदाराने त्यांना बघताच खुर्ची पाठमोरी फिरवली. "आता तरी आंघोळ करून येतोस ना?" असं एका सभ्य निवृत्त डॉक्टरने त्यांना विचारलं. साहेबांनी राजीनामा लिहिला, पण तो स्वीकारला तर चिटणिसाचं काम कोण करणार, या भयाने समितीने तो वाचलाच नाही. मॉरीनबाईंचं ऑपरेशन झालं. त्या काठीवर घरी आल्या, आणि साहेब त्या आत असताना किलकिल्या दाराबाहेर स्टूल टाकून बसू लागले. "बोलू नकोस," आतून आज्ञा येई, "नुसता बस."

मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, क्लबाचा बार टीव्हीपुढे तुडुंब भरला. रीस हर्स्ट इतके महिने राखीव बाकावरच होता. त्याला मैदानात उतरवलं ते शेवटच्या दहा मिनिटांत. तीनदा चेंडू पायात आला, दोनदा गेला. तिसऱ्या वेळी मोठमोठ्या पगाराच्या दोन बचावपटूंनी एकमेकांकडे बघितलं, हा गेला कुठून? हेप्शॉत हा प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा होता. मग चेंडू जाळ्यात होता आणि डेरेक मिडग्ली आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होते.

सामन्यानंतर कुणीतरी रीसच्या तोंडापुढे माइक धरला. कान तेच, लाल. "आठव्या लीगमधून थेट इथे," तो माणूस म्हणाला. "कुणाचे आभार मानशील?"

क्रॅबट्रीसाहेबांनी क्लबाचा टाय सरळ केला. कोण कोण आपल्याकडे बघतंय याचा त्यांनी अंदाज घेतला.

"मिसेस क्रॅबट्रींचे," रीस म्हणाला. "हेप्शॉच्या. त्यांना आंघोळ करायची होती."

"म्हणजे?"

"म्हणजे मला निघावंच लागलं."

माइकवाल्याला काही समजलं नाही. बारमध्ये मात्र डेरेकने ग्लास उचलला. "मॉरीन!" ते म्हणाले. "मॉरीन!" सगळा बार उभा राहिला. टाइल्सवाला खुर्चीवर चढला होता. मिसेस क्रॅबट्री या नावातलं अर्धं आपलं आहे, असं म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं होतं. पण ते न म्हणताच, ग्लास तसाच ठेवून, ते घराकडे निघाले. निघाले म्हणजे, त्या वयाला शोभणार नाही इतके वेगाने.

काठी जिन्याच्या तळाशी टेकवलेली होती. वर पाण्याचा आवाज येत होता. बाथरूमचं दार लावलेलं होतं, किलकिलं नाही, आतून कडी घालून, आणि स्टूल कुणीतरी बाजूला सरकवून ठेवलं होतं.

"मॉरीन! त्याने गोल केला!"

"काय?"

"गोल! आणि टीव्हीवर तुझं नाव घेतलं! म्हणाला, तुला आंघोळ करायची होती म्हणून!"

"ओरडू नकोस, ब्रेन्डा ऐकेल." पाणी थोडं कमी झालं. "त्याची आई होती का रे तिथे?"

"होती. दाखवली. रडत होती."

मग पाणी पुन्हा पूर्ण सुटलं, आणि त्यातून मॉरीनबाईंचं गाणं ऐकू आलं, बेसूर आणि मोठ्याने. त्या कित्येक वर्षांत गायल्या नव्हत्या. क्रॅबट्रीसाहेब टाय सैल करून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. गरम पाणी अर्धा तास चालू होतं, आणि त्यांनी दारावर एकदाही टकटक केली नाही.